तिसऱ्या मजल्यावरची अमानत

बर्लिनमध्ये भटका कुत्रा दिसत नाही. आपल्याकडून नव्याने आलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच जाणवते. रस्त्यावर कुत्रे पुष्कळ असतात, पण प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. कुत्रे मेट्रोत बसतात, हॉटेलात टेबलाखाली झोपतात. उन्हाळ्यात दुकानदार दारात त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे ठेवतात. फक्त किराणा दुकानांत त्यांना बंदी असते. तिथे दारावर कुत्र्याचे चित्र आणि त्याखाली कुत्र्याच्याच तोंडी एक वाक्य असते : आम्हाला बाहेर थांबावे लागते.

आम्ही दोघे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दाभोळ खाडीच्या काठचे. सात वर्षांपासून इथल्या नॉयकोल्न भागात राहतो. आमच्यातली एक रुग्णालयात परिचारिका आहे, दुसरा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पहिली पाच वर्षे कुत्रा आमच्यासाठी फुटपाथवर अंग चोरून जाण्याचे कारण होता. गेले पावणेदोन वर्षे एक कुत्रा आमच्या घरात आहे. एका मुस्लिम घरात, त्यातही शाफई मसलकाच्या कोकणी घरात, हे कसे घडले आणि दोघेही नोकरी करत असताना कसे चालले आहे, याबद्दल अनेकांना कुतूहल आहे, काहींना नाराजीही आहे. म्हणून जसे आहे तसे सांगतो.

समोरचे दार

आमची इमारत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. लिफ्ट नाही, लाकडी जिना आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारे. समोर एक जर्मन आजी एकट्या राहत. त्यांच्याबरोबर एक तपकिरी रंगाचा, मध्यम उंचीचा कुत्रा. नाव बालू. इथे हे नाव कुत्र्यांना सर्रास ठेवतात. ते ऐकून गावी मात्र हसू आवरेना, कारण आमच्या वाडीशेजारी एक बाळूकाका आहेत.

आम्ही या घरात आलो तेव्हा आजींनीच कचऱ्याचे चार डबे कोणते, रविवारी कपडे धुण्याचे मशीन का लावू नये, रात्री दहानंतर आवाज का करू नये, हे समजावले होते. जर्मन भाषेतली सरकारी पत्रे घेऊन आम्ही त्यांच्या दारात उभे राहत असू. ईदला आम्ही शिरखुर्मा नेऊन देत असू. त्या भांडे कधी रिकामे परत करत नसत, सफरचंदे भरून देत.

मग एका हिवाळ्यात आजी घरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयातून त्या घरी परतल्याच नाहीत. तिथून त्यांना वृद्धांच्या निवासात जावे लागले आणि त्या निवासात कुत्रा चालत नव्हता. मूलबाळ नाही. एक भाचा दूर, दक्षिणेकडे राहतो. त्याने नकार दिला. उरला मार्ग प्राण्यांच्या निवाऱ्याचा. बर्लिनचा निवारा शहराच्या पूर्व टोकाला आहे आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या निवाऱ्यांपैकी एक आहे. तिथे प्राण्यांची काळजी चांगली घेतात. पण अकरा वर्षांच्या कुत्र्याला तिथून न्यायला कोण येणार, हे आजींना माहीत होते. त्यांनी आमच्याकडे पाहून एवढेच विचारले, "दुसरं घर मिळेपर्यंत ठेवाल का?"

आम्ही एका रात्रीची मुदत मागितली.

अम्मी, मौलाना आणि तळमजल्याचे दुकान

त्या रात्री पहिला फोन अम्मींना केला. अम्मींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कुत्रा घरात? मग मी काही तिकडे येत नाही. नमाज कुठे पढणार तुम्ही?" गावी आमच्या परसातही एक कुत्रा असे. कोंबड्या राखी, रात्री कोल्ह्यावर भुंके, उरलेली भाकरी खाई. पण तो कधी उंबरठ्याच्या आत आला नाही. तो वाडीचा होता, कोणा एकाचा नव्हता.

दुसरा फोन गावच्या मौलानांना. निव्वळ हौसेखातर घरात कुत्रा ठेवू नये, शिकार, शेती आणि गुराढोरांची राखण एवढ्यासाठीच सवलत आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मौलानांनी तेच पुन्हा सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, "हौस वेगळी आणि कोणाचं निराधार जनावर सांभाळणं वेगळं. अमानत म्हणून ठेवा, दुसरं घर शोधत राहा, नमाजची जागा पाक राखा. आणि एकदा घेतलंत की त्याच्या भुकेबद्दल, तहानेबद्दल तुम्हालाच विचारलं जाईल." तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची माफी झाली आणि मांजर उपाशी बांधून ठेवणाऱ्या बाईला शिक्षा झाली, या दोन्ही हदीस त्यांनी आठवण करून दिल्या. दुसरे आलिम याहून वेगळे सांगतील, हेही तेच म्हणाले.

तिसरा सल्ला अनपेक्षितपणे तळमजल्यावर मिळाला. तिथे एका कुर्द गृहस्थांचे किराणा दुकान आहे. ते तुर्कस्तानातल्या दियारबाकर भागातले. त्यांच्याशी बोलताना कळले की कुर्दांमध्येही बहुसंख्य लोक आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई असतात. आमची अडचण त्यांना अर्ध्या वाक्यात समजली. कुत्र्याचे ओले तोंड किंवा ओले अंग लागले तर ती जागा सात वेळा धुवायची आणि त्यातल्या एका वेळी पाण्यात माती मिसळायची, हा आपला मसला. पण तिसऱ्या मजल्यावर माती आणायची कुठून? बाजारात कुंडीसाठी मिळते ती बहुतेक कुजवलेला पालापाचोळा असते. काका म्हणाले, "औषधांच्या दुकानात जा आणि हाइलएर्दे माग." ही बारीक दळलेली शुद्ध पिवळट माती असते. जर्मन लोक पोटासाठी ती पाण्यातून पितात आणि बायका चेहऱ्याला लावतात. तेव्हापासून आमच्या न्हाणीघरात मातीचा एक डबा कायम असतो.

तसे पाहिले तर याबाबत आमच्या ओळखीतच तीन मते आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे तुर्की कुटुंब हनफी. त्यांच्या मते लाळ नापाक, कोरड्या अंगाला हात लागला तर हरकत नाही. रुग्णालयातली मोरोक्कोची सहकारी मालिकी; तिच्या मते कुत्रा मुळात पाकच. कोणी कोणाशी वाद घालत नाही. आम्ही आमचा मसलक पाळतो.

घराची विभागणी पहिल्या आठवड्यातच झाली. दारातून आत आल्यावर जो लांबट बोळ आहे, तो बालूचा. तिथे त्याचे अंथरूण, पाण्याचे भांडे, पुसायचे फडके. स्वयंपाकघर आणि नमाजची खोली त्याला बंद. दाराजवळच्या खुंटीवर फिरायला जायचे वेगळे कोट आणि वेगळे बूट. बाहेरून आल्यावर ते तिथेच उतरतात. आजींनी त्याला शिस्त उत्तम लावली होती. जर्मन भाषेत "नाइन" म्हटले की तो उंबरठ्यावरच थबकतो. जुम्याच्या दिवशी आतल्या खोलीत सूरह कहफचे पठण चालते तेव्हा तो बोळात पुढचे पाय पसरून दाराकडे तोंड करून पडलेला असतो. गुहेच्या तोंडाशी असाच पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख त्या सूरहमध्ये आहे, हे आम्हाला पाठ होते. पण डोळ्यांसमोर चित्र कधी आले नव्हते.

दोन नोकऱ्या, एक घड्याळ

कुत्र्याला साधारण चार-पाच तासांपेक्षा जास्त एकटे ठेवू नये, असे इथले प्रशिक्षक सांगतात. शिवाय 2022 पासून लागू झालेल्या सुधारित नियमानुसार कुत्र्याला मोकळ्यावर पुरेसे फिरवणे आणि दिवसातून अनेकदा माणसाचा सहवास देणे मालकावर बंधनकारक आहे. ज्या घरातली दोन्ही माणसे कामाला जातात, त्या घरात हे गणित सोपे नाही.

रुग्णालयाची सकाळची पाळी सहाला सुरू होते. म्हणजे त्या आठवड्यात पहाटेची फेरी दुसऱ्याने मारायची. दुपारची पाळी असेल तर सकाळ हिची, रात्र त्याची. कार्यालयातून आठवड्यात दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मागून घेतली आहे. उरलेल्या दिवसांपैकी ज्या दिवशी दोघेही नसतो, त्या दिवशी दुपारी एक विद्यार्थिनी येऊन त्याला तासभर फिरवून आणते. फ्रिजच्या दारावर महिन्याचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात तीन रंग : एक तिचा, एक त्याचा, एक विद्यार्थिनीचा. कुठे रिकामा चौकोन दिसला की रात्री जेवताना वाटाघाटी सुरू होतात.

बालू येण्याआधी असे आठवडे जात की आमची भेट फक्त झोपलेल्या अवस्थेत होई. एक येई तेव्हा दुसरा निघालेला असे. दोन नोकऱ्यांच्या संसारात हे इतके हळूहळू घडते की लक्षातही येत नाही. आता तक्ता करताना एकमेकांच्या पाळ्या पाठ झाल्या. ज्या संध्याकाळी दोघेही मोकळे असतो, त्या संध्याकाळी तिघे मिळून बाहेर पडतो. फोन घरी ठेवून तासभर चालणे, यापूर्वी कधी जमले नव्हते.

ऋतूंप्रमाणे घड्याळ बदलते. जूनमध्ये इथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. डिसेंबरमध्ये सव्वाआठला उजाडते आणि चारच्या आतच अंधार पडतो. हिवाळ्यात नोकरीवर जाताना अंधार, येताना अंधार. उणे पाच अंशांत, बर्फात, कोणाला बाहेर पडावेसे वाटेल? पण कुत्र्याला सुट्टी कळत नाही. रमजानमध्ये मात्र सोय होते. सहरीला उठलेलेच असतो, फजर झाली की तसेच खाली उतरायचे. त्या वेळी रस्त्यावर फक्त बेकरीचा दिवा आणि बालूच्या पायांचा आवाज असतो.

मैदान

आमच्या घरापासून सात मिनिटांवर टेम्पेलहोफचे मैदान आहे. हा पूर्वीचा विमानतळ. 1948-49 मध्ये पश्चिम बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा मित्रराष्ट्रांनी विमानांतून अन्न आणि कोळसा उतरवला तो याच धावपट्ट्यांवर. 2008 मध्ये विमानतळ बंद झाला, 2010 मध्ये मैदान लोकांना खुले झाले. तीनशे हेक्टरांहून मोठी ही जागा शहराच्या मधोमध रिकामी आहे. तिच्या कडेने इमारती बांधाव्यात असा बेत होता. 2014 मध्ये बर्लिनकरांनी सार्वमतात तो फेटाळला. आता धावपट्टीवर मुले सायकली चालवतात, लोक पतंग उडवतात, तुर्की आणि अरब कुटुंबे कोळशाच्या शेगड्या पेटवतात. कुत्र्यांना पट्ट्याशिवाय सोडण्यासाठी कुंपण घातलेल्या वेगळ्या जागा आहेत. सूर्य मावळला की मैदानाची दारे बंद होतात. म्हणून हिवाळ्यात मैदान फक्त शनिवार-रविवारचे.

मैदानाला लागून असलेल्या रस्त्यावर शेहितलिक मशीद आहे, जुन्या तुर्की कब्रस्तानाच्या आवारात. मैदानात फिरताना तिचे मिनार दिसतात. पूर्वी आम्ही फक्त मशिदीत जात असू, मैदान ओलांडत नसू. आता कुंपणातल्या त्या जागेत भेटणारी निम्मी माणसे ओळखीची झाली आहेत. आधी त्यांना बालूचे नाव कळले, आमची नावे नंतर. डोक्यावरचा हिजाब पाहून बोलायला कचरणारी एक बाई एके दिवशी स्वतःहून म्हणाली, "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" मग आम्ही उभ्याउभ्या तिला आजींची हकिकत सांगितली. पुढच्या आठवड्यात तिने आजींसाठी लोकरीचे मोजे विणून आणले.

पट्ट्याचा हिशेब

इथे कुत्रा ठेवणे ही खासगी बाब नाही, तिची सरकारदरबारी नोंद असते. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यावर वर्षाला 120 युरो कर आहे, दुसऱ्यापासून प्रत्येकी 180. कातडीखाली चिप लागते, 2022 पासून नोंदणीपुस्तकात नाव लागते, आणि त्याने कोणाचे नुकसान केले तर भरपाईसाठी विमा लागतो. फिरायला जाताना घाण उचलायची पिशवी खिशात असलीच पाहिजे. मेट्रोत त्याला लहान मुलाचे सवलतीचे तिकीट काढावे लागते. पशुवैद्यांच्या फीचे सरकारी दरपत्रक आहे. ते 2022 च्या नोव्हेंबरात वाढले. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांचे बिल पाहून आम्ही त्या वर्षीचे गावचे तिकीट पुढे ढकलले.

घरमालकाचा प्रश्नही होता. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला आहे की छापील भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालता येत नाही. शेजाऱ्यांचे आणि मालकाचे हित पाहून प्रत्येक बाबतीत वेगळा विचार करावा लागतो. आम्ही कायदा दाखवला नाही, साधे पत्र लिहिले. शेजाऱ्यांनी त्याखाली सह्या केल्या. पहिली सही तळमजल्यावरच्या काकांची होती.

त्याच्या खाण्याचे डबे निवडताना जुनी सवय कामाला आली. मिठाईत जिलेटिन आहे का हे पाहण्यासाठी पाठीमागची बारीक अक्षरे वाचायला आम्ही केव्हाच शिकलो होतो. आता कुत्र्याच्या डब्यावरही डुकराचे मांस आहे का, ते वाचतो. मासळीचे किंवा कोंबडीचे असेल तेच घेतो.

थर्टीफर्स्टची रात्र

नॉयकोल्नमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री रस्त्यांवर इतके फटाके फुटतात की धुराने समोरची इमारत दिसत नाही. ज्यांना परवडते ते लोक त्या रात्री कुत्र्याला घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात राहतात, कारण तिथे फटाक्यांना बंदी असते. पहिल्या वर्षी आम्ही घरीच होतो. संध्याकाळी सहापासून बालू थरथरू लागला. अंथरुणातून उठून बोळाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटला. पाणीही पिईना.

त्या रात्री एकीची रात्रपाळी होती. फटाक्यांनी हात भाजलेली मुले तिच्या रुग्णालयात येत होती. दुसरा बोळात जमिनीवर बसून होता. मध्यरात्री फोनवर दोन्हीकडचा हाल सांगून झाला. बालूने आपले डोके कोटाच्या बाहीवर टेकवले होते. बाही ओली होत होती. ती सकाळी सात पाण्यांनी, मातीसकट, धुतली गेली. पण त्या वेळी बाही काढून घेतली नाही. भेदरलेल्या जनावराला दूर ढकलून पाक राहण्यापेक्षा त्याला धीर देऊन नंतर धुणे आम्हाला जास्त बरोबर वाटले. धुण्याची सोय अल्लाहने दिलेलीच आहे.

दर दुसऱ्या रविवारी

दुसरे घर शोधणे आम्ही थांबवलेले नाही. दोन कुटुंबे येऊन गेली. दोघांनीही आधी वय विचारले आणि मग चहा संपवून उठले. बालू आता तेराच्या घरात आहे. जिने चढताना मधल्या वळणावर थांबतो. एका डोळ्यात सारा आला आहे. आजींचे भाडे थांबले, समोर नवे भाडेकरू आले, तरी तो खाली उतरताना आधी समोरच्या दाराचा वास घेतो.

दर दुसऱ्या रविवारी आम्ही त्याला आजींकडे नेतो. निवासाच्या आत बंदी असली तरी बागेत हरकत नाही. चाळीस मिनिटांचा मेट्रोचा प्रवास आहे. आजींना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणतात. अलीकडे त्यांना आमची नावे आठवत नाहीत. एकदा तर आम्हाला त्यांनी निवासातले कर्मचारी समजून खोलीतल्या रेडिएटरची तक्रार सांगितली. पण बालूला पाहताच त्या त्याच्या डाव्या कानामागे खाजवतात, उजव्या नाही. तिथेच त्याला आवडते हे त्यांना अजून ठाऊक आहे.

अम्मींचे मत बदललेले नाही. घरात कुत्रा नको, हेच त्यांचे म्हणणे, आणि तत्त्व म्हणून आम्हालाही ते मान्य आहे. पण मागच्या हिवाळ्यात गावाहून आलेल्या एका नातेवाइकाबरोबर त्यांनी पाठवलेल्या पिशवीत कोकमे, सुके बोंबील आणि जुन्या गोधडीचा एक तुकडा होता. गोधडी कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही. ती बोळात अंथरली आहे.

परदेशात येऊन संसार थाटणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांना आम्ही कुत्रा पाळण्याचा सल्ला देणार नाही. आमचा शोध लागला आणि बालूला चांगले घर मिळाले, तर आम्हीही दुसरा आणणार नाही. पण शेजारधर्म परदेशात कोणत्या रूपात दारात उभा राहील, हे आधी ठरवता येत नाही. एखाद्याला म्हाताऱ्या माणसाची औषधे आणून द्यावी लागतात, एखाद्याला कोणाची मुले शाळेतून आणावी लागतात. ज्या बाईने आम्हाला या देशातली पत्रे वाचायला शिकवली, तिने मागितलेली ही एकच गोष्ट आहे. तिच्यासाठी रोज तीन फेऱ्या, वर्षाला 120 युरो आणि मातीचा एक डबा लागतो. तेवढे आमच्याजवळ आहे, अल्हम्दुलिल्लाह.